पावणेतीन मिलिसेकंदांची मुदत : ॲम्प सिम्युलेटर, लॅपटॉप आणि घरचे गिटार रेकॉर्डिंग

फुलपाड्यासारख्या वस्तीत इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करायची तर खरा ॲम्प्लिफायर वापरता येत नाही. इथूनच हा सगळा प्रश्न सुरू होतो. विरार पूर्वेला पापडखिंड धरणाच्या बाजूचा हा भाग चाळींचा आणि भिंतीला भिंत लागलेल्या इमारतींचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्हॉल्व्हचा १५ वॅटचा लहानसा ॲम्प त्याच्या रंगात आला, म्हणजे सूर फाटायला लागेल इतका वाढवला, की खोलीत शंभर डेसिबलच्या घरात जातो. आणि नोकरी करून विरार लोकलने परतणाऱ्या माणसाला वाजवायला मोकळा वेळ मिळतो तो नेमका रात्रीचाच. म्हणून वसई-विरार पट्ट्यातला वादक चर्चच्या गायनवृंदातला असो, ऑर्केस्ट्रातला असो की मेटल बँडमधला, घरी रेकॉर्डिंगला बसला की हेडफोन, यूएसबी इंटरफेस, लॅपटॉप आणि ॲम्प सिम्युलेटर यांवरच येतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न सुटतो आणि लॅपटॉपचा उभा राहतो. बफर, म्हणजे प्रोसेसर एका खेपेला हाती घेतो तो आवाजाचा तुकडा, लहान ठेवला तर हेडफोनमध्ये चट्चट आवाज येतो, मध्येच सूर तुटतो. बफर वाढवला तर तार छेडल्यावर आवाज जरा उशिरा येतो आणि हात ठेक्याच्या मागे पडायला लागतो. या कोंडीतून वाट काढण्याच्या निरनिराळ्या पद्धती गेल्या पंचवीस वर्षांत पुढे आल्या आहेत आणि प्रत्येकीचे ठाम समर्थक आहेत. त्या वादाचा हा आढावा.

इथवर कसे आलो

ॲम्पशिवाय ॲम्पचा आवाज काढायची धडपड संगणकाच्या आधीची आहे. ‘बोस्टन’ बँडच्या टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये कमरेला लावता येईल एवढा ‘रॉकमन’ बाजारात आणला. १९८९ मध्ये ‘टेक २१’ कंपनीचा ‘सॅन्सॲम्प’ आला. ही दोन्ही उपकरणे ॲनालॉग. त्यांत प्रोसेसरचा संबंध नव्हता, म्हणून उशीरही नव्हता.

१९९८ मध्ये ‘लाइन ६’ने दोन गोष्टी केल्या. ‘पॉड’ ही लालबुंद डबी काढली आणि ‘प्रो टूल्स’साठी ‘ॲम्प फार्म’ हे सॉफ्टवेअर काढले. ‘ॲम्प फार्म’ संगणकात असले तरी त्याचे गणित संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर होत नसे. त्यासाठी आवाजाच्याच गणितासाठी बनवलेल्या प्रोसेसरची, म्हणजे डीएसपीची, वेगळी आणि महागडी कार्डे लागत. त्या काळच्या मुख्य प्रोसेसरला हे काम वेळेत झेपलेच नसते. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, ‘स्टाइनबर्ग’ने १९९७ मध्ये आणलेली ‘असिओ’ ही ड्रायव्हर पद्धत रुळली आणि २००२ मध्ये ‘ॲम्प्लिट्यूब’, २००४ मध्ये ‘गिटार रिग’ यांच्यासारखी साधने थेट मुख्य प्रोसेसरवर चालू लागली. कार्डाचा खर्च वाचला, पण आवाज घडवण्याचा सगळा भार आता त्याच प्रोसेसरवर आला जो ड्रम्स, रिव्हर्ब, वाय-फाय आणि अँटिव्हायरसही सांभाळतो.

ॲम्प असा घरच्या संगणकात आल्याचे फळ मोठे आहे. दिल्लीच्या केशव धर यांचा ‘स्कायहार्बर’ हा बँड घरच्या रेकॉर्डिंगमधून उभा राहिला आणि २०१२ च्या पहिल्या अल्बमनंतर देशाबाहेरही ऐकला गेला. स्टुडिओचे भाडे परवडत नाही म्हणून रेकॉर्डिंग अडत नाही, ही आपल्याकडच्या वादकांसाठी लहान गोष्ट नाही.

अलीकडचे वळण न्यूरल नेटवर्कचे. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ च्या सुमारास दाखवून दिले की खऱ्या ॲम्पमध्ये जाणारा आणि बाहेर येणारा आवाज देऊन शिकवलेले नेटवर्क साध्या संगणकावरही वाजवता वाजवता चालवता येते. स्टीव्हन ॲटकिन्सन यांचा ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हा मुक्तस्रोत प्रकल्प त्याच विचाराचा. तो फुकट मिळतो आणि त्यामुळे हा आवाज कमी बजेटच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचला. भाराचा प्रश्नही त्याच्याबरोबर पोहोचला.

भार म्हणजे मुदत

वाद समजून घ्यायचा तर आधी हिशेब मांडायला हवा, कारण बरीचशी भांडणे इथल्या घोटाळ्यातून होतात.

४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. बफर १२८ नमुन्यांचा ठेवला तर प्रोसेसरला दर खेपेला सुमारे २.६७ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात त्याने १२८ नमुने घ्यायचे, पेडल, ॲम्प, कॅबिनेट, रिव्हर्ब अशा सगळ्या साखळीतून काढायचे आणि परत द्यायचे. एक खेप चुकली की तो ‘चट्’ आवाज. बफर २५६ चा केला तर मुदत ५.३३ मिलिसेकंद, ५१२ चा केला तर १०.६७.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम वीस-पंचवीस टक्के दिसत असताना आवाज का तुटतो, हा नव्या वादकाचा पहिला प्रश्न असतो. टास्क मॅनेजर साऱ्या कोअर्सची काही क्षणांची सरासरी दाखवतो. रोज सरासरीने वेळेवर स्टेशनात पोहोचणाऱ्याचीही एखाद्या दिवशी लोकल चुकते, आणि इथे चुकलेली प्रत्येक खेप कानाला ऐकू येते. शिवाय एका ट्रॅकवरची साखळी ओळीनेच चालवावी लागते. ॲम्पचे गणित झाल्याशिवाय कॅबिनेटचे सुरू करता येत नाही. म्हणून आठ कोअरचा प्रोसेसर घेतला तरी वाजवत असलेल्या एका गिटारच्या साखळीला बहुतेक वेळा एकाच कोअरचा वेग उपयोगी पडतो. बाकीचे कोअर इतर ट्रॅकना उपयोगी पडतात.

या साखळीत प्रोसेसरचा वेळ खरा खाणारे दोन. पहिले ओव्हरसॅम्पलिंग. सूर फाडताना नवे उच्च स्वर तयार होतात. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये २४ किलोहर्ट्झच्या वर गेलेले स्वर उलटून खाली येतात आणि सुराशी नाते नसलेला एक कर्कश थर देतात. तो टाळण्यासाठी प्लगइन आतल्या आत दुप्पट, चौपट, आठपट वेगाने गणित करते, आणि त्या भागाचा भारही जवळपास त्याच पटीत वाढतो. दुसरे कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे ॲम्पच्या स्पीकर-पेटीच्या आवाजाचा ठसा. २०० मिलिसेकंदांचा रिस्पॉन्स म्हणजे ९,६०० नमुने. सरळ पद्धतीने केले तर सेकंदाला ४६ कोटींवर गुणाकार. फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्ममुळे हे पुष्कळ कमी होते, तरी स्टिरिओमध्ये दोन-दोन कॅबिनेट लावणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. माइक जवळ ठेवून घेतलेल्या कॅबिनेटचा बहुतेक मजकूर पहिल्या २,०४८ नमुन्यांत, म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंदांत संपतो. त्यापुढची शेपूट कापली तर ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही.

पहिली भूमिका: रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग वेगळे ठेवा

जुन्याजाणत्या रेकॉर्डिस्टांची ही भूमिका. त्यांचे म्हणणे असे की वाजवताना लागते तेवढेच चालू ठेवा: एक हलका ॲम्प, एक कॅबिनेट, बफर ६४ किंवा १२८. मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर, लिनिअर फेज इक्वलायझर असली स्वतःच उशीर करणारी प्लगइन बंद ठेवा. वाजवून झालेले ट्रॅक फ्रीझ करा; सॉफ्टवेअर त्यांचा तयार आवाज साठवून ठेवते आणि प्लगइनला सुट्टी देते. मिक्सिंगला बसलात की बफर १,०२४ वर न्या आणि हवे तितके ओव्हरसॅम्पलिंग लावा, कारण तेव्हा उशिराने कुणाचे काही बिघडत नाही.

सॉफ्टवेअरही याच विचाराने बदलले आहे. ‘क्युबेस’चे ‘असिओ गार्ड’ आणि ‘रीपर’मधले आगाऊ प्रोसेसिंग हे दोन्ही, थेट वाजवत नसलेल्या ट्रॅकचे काम आधीच करून ठेवतात. ‘लॉजिक’मध्ये उशीर करणारी प्लगइन तात्पुरती बाजूला सारणारी सोय आहे. यावरचा आक्षेपही योग्य आहे. वादकाला जो आवाज कानात ऐकू येतो त्यावर त्याचा हात चालतो. हलक्या प्रीसेटवर वाजवलेले पाम म्यूट आणि भरदार प्रीसेटवर वाजवलेले पाम म्यूट सारखे उतरत नाहीत. जोर, तळहाताचा दाब, तार सोडायची वेळ, सगळे बदलते.

दुसरी भूमिका: भार बाहेर काढा

दुसरा गट म्हणतो, वाजवतानाचा आवाज लॅपटॉपवर सोपवूच नका. इंटरफेसमधल्या डायरेक्ट मॉनिटरिंगने गिटार थेट हेडफोनमध्ये ऐका, किंवा एखादे मल्टी-इफेक्ट पेडल मध्ये ठेवा. त्याचा आवाज ऐकायला आणि गिटारचा कोरडा सिग्नल, ज्याला सगळे डीआय म्हणतात, तो रेकॉर्ड करायला. पैसे असतील तर ‘युनिव्हर्सल ऑडिओ’च्या ‘अपोलो’सारखा स्वतःच्या डीएसपीवर प्लगइन चालवणारा इंटरफेस. म्हणजे १९९८ ची कार्डे नव्या पेटीत परत आली.

लॅपटॉप जुना असेल तर हा मार्ग सगळ्यांत खात्रीचा आहे, कारण उशीर आणि भार यांची गाठच सुटते. मात्र नुसत्या डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये कानात येते ती कोरडी, टिणटिण वाजणारी गिटार. तिच्यावर डिस्टॉर्शनचा सोलो वाजवणे फार अवघड. पेडल वापरले तर ऐकलेला आवाज एक आणि मिक्समध्ये येणारा दुसरा. डीएसपीच्या पेटीची किंमत चांगल्या लॅपटॉपच्या आसपास जाते, आणि तिच्या डीएसपीवर त्या कंपनीच्या यादीतलीच प्लगइन चालतात.

तिसरी भूमिका: यंत्र नीट करा

तिसऱ्या गटाचा रोख प्लगइनवर नसून यंत्रणेवर आहे. इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर वापरा. ‘असिओफॉरऑल’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर तात्पुरती सोय आहे, त्याला पर्याय नव्हे. गिटार लॅपटॉपच्या माइकच्या भोकात न घालता इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा, कारण गिटारच्या पिकअपला सुमारे एक मेगाओहमचा इनपुट लागतो. विंडोजमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथचे ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतात. ‘लेटन्सीमॉन’ हे मोफत साधन कोणता ड्रायव्हर अडवतो ते नावानिशी सांगते. रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय बंद केल्याने चट्चट थांबल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

‘ॲपल’च्या एम१ चिपनंतर, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून, या गटाचे वजन वाढले. कमी वीज, कमी उष्णता आणि एका कोअरचा भरपूर वेग असे एकत्र मिळाल्यावर पंखा नसलेल्या लॅपटॉपवरही ॲम्प सिम आरामात चालू लागले. पण लाखभर रुपयांचे यंत्र घ्या, हे बहुतेकांसाठी उत्तर होऊ शकत नाही.

चौथी भूमिका: मॉडेल हलके करा

ही सगळ्यांत नवी आणि मला सगळ्यांत आशादायक वाटणारी. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’मध्ये एकच ॲम्प स्टँडर्ड, लाइट, फेदर, नॅनो अशा उतरत्या आकारांत शिकवता येतो. लहान आकार म्हणजे कमी गणित. वाजवताना फेदर वापरा, मिक्समध्ये त्याच ॲम्पचा स्टँडर्ड लावा. पहिल्या भूमिकेवरचा आक्षेप बऱ्याच अंशी मिटतो, कारण दोन्ही एकाच ॲम्पचे आहेत आणि हाताला लागणारा प्रतिसाद जवळचा राहतो. ओव्हरसॅम्पलिंगची पट वाजवताना एक आणि अंतिम रेंडरला दुसरी ठेवू देणारी प्लगइन्सही आता मिळतात, तीही याच विचाराची. मर्यादा अशी की न्यूरल कॅप्चर, म्हणजे असे शिकवून घेतलेले मॉडेल, सहसा एकाच सेटिंगचे असते. गेन थोडा कमी-जास्त करायचा, टोनचा नॉब फिरवायचा, तर सर्किटच्या गणितावर बांधलेले जुन्या पद्धतीचे प्लगइन अजूनही सोयीचे.

चार्जर, उष्णता आणि अर्थिंग

आपल्याकडे जिथे रात्र जाते, ती ही बाब. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असते, पण आत अर्थिंगची तार नसते किंवा नावालाच असते. लॅपटॉपच्या चार्जरची गुणगुण यूएसबी केबलमार्गे इंटरफेसमध्ये आणि तिथून गिटारच्या सिग्नलमध्ये शिरते. स्वच्छ आवाजात ती कळत नाही. हाय गेन ॲम्प सिम मात्र सिग्नल शेकडो पटींनी वाढवतो, त्याबरोबर ती गुणगुणही वाढते. तारांना हात लावला की कमी होते, सोडला की परत येते.

वादक चार्जर काढतो. गुणगुण जाते आणि पुढच्याच मिनिटाला चट्चट सुरू होते, कारण बॅटरीवर गेलेला लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. चार्जर लावला तर आवाज घाण, काढला तर आवाज तुटका. पुष्कळ जण इथे प्लगइनला किंवा इंटरफेसला दोष देऊन मोकळे होतात.

बॅटरीवर असतानाही पॉवर सेटिंग ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवणे हा पहिला उपाय, काही लॅपटॉपमध्ये त्यानेही वेग पूर्ण परत येत नाही. दुसरा उपाय असा की चार्जर काढून, बफर मोठा ठेवून, डायरेक्ट मॉनिटरिंगवर कोरडा डीआय घ्यावा आणि ॲम्प नंतर लावावा. खरा आणि कायमचा उपाय वायरमनकडून अर्थिंग तपासून घेण्याचा, आणि तो रेकॉर्डिंगपेक्षा जिवासाठी अधिक गरजेचा. गुणगुण घालवायला चार्जरची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. हातात धातूच्या तारा असताना तो खेळ जीवघेणा आहे.

उष्णतेचेही असेच. एप्रिल-मेच्या दमट रात्री, पंखा बंद करून (माइकवर गाणेही घ्यायचे असते), गादीवर ठेवलेला लॅपटॉप थोड्याच वेळात तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पहिला टेक स्वच्छ आणि पाचवा फुटलेला, असे झाले तर आधी लॅपटॉपच्या बुडाला हात लावून पाहावा. कठीण, सपाट जागा आणि खालून हवा, एवढ्याने फरक पडतो.

अजून न सुटलेले

किती उशीर चालतो, यावर एकमत नाही. वेसेल आणि राइट या संशोधकांनी २००२ मध्ये संगणकीय वाद्यांसाठी १० मिलिसेकंदांची वरची मर्यादा सुचवली होती आणि उशीर स्थिर असण्यावर भर दिला होता. २००७ मध्ये लेस्टर आणि बोली यांनी दाखवले की ही सहनशीलता वाद्यानुसार, तसेच कानात मॉनिटर आहे की समोर स्पीकर, यानुसार बदलते. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. स्टेजवर ॲम्पपासून तीन मीटर दूर उभा असलेला वादक नऊ मिलिसेकंदांच्या उशिरावर बिनतक्रार वाजवतो. तोच वादक हेडफोनमध्ये तेवढ्याच उशिराने अस्वस्थ होतो. हे सवयीमुळे की कानाजवळच्या आवाजाकडून मेंदूची अपेक्षा वेगळी असल्यामुळे, याचा निकाल लागलेला नाही. त्यात १२८ च्या बफरला प्रत्यक्ष जाऊन-येऊन लागणारा वेळ कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर धरून स्वस्त इंटरफेसवर आठ-दहा मिलिसेकंदांच्या घरात जातो, म्हणजे दोन वादक ‘१२८ वर छान चालते’ म्हणतात तेव्हा ते वेगवेगळ्या उशिराबद्दल बोलत असू शकतात.

ओव्हरसॅम्पलिंग कितीपट पुरे, हाही प्रश्न उघडा आहे. एकटी गिटार, वरच्या पट्टीतली बेंड, भरपूर गेन: इथे चौपट आणि नसलेले यांतला फरक कुणालाही ऐकू येतो. ड्रम्स-बेस भरलेल्या मिक्समध्ये चौपट आणि आठपट यांतला फरक ओळखता येतो का, यावर मात्र दोन्ही बाजूंनी केवळ दावे ऐकू येतात. काही जण त्यापेक्षा सगळे रेकॉर्डिंगच ९६ किलोहर्ट्झला करतात. त्यात १२८ चा बफर १.३३ मिलिसेकंदांचा होतो, म्हणून उशीर घटतो. पण दर सेकंदाचे काम दुप्पट होते आणि जुना लॅपटॉप तिथेच मान टाकतो.

तिसरा तिढा नव्या प्रोसेसरांचा. ‘इंटेल’ने २०२१ मध्ये बाराव्या पिढीपासून वेगवान आणि वीज वाचवणारे असे दोन प्रकारचे कोअर एकत्र दिले. थेट वाजवणारी साखळी संथ कोअरवर जाऊन पडली तर कागदावर दणकट असलेले यंत्रही अडखळते. ऑपरेटिंग सिस्टिमने हे ठरवावे, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने की वापरणाऱ्याने, याबद्दल अजून प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

माझे मत

या चार भूमिका एकमेकींच्या विरोधात मांडल्या जातात, पण त्या वेगवेगळ्या अडचणींची उत्तरे आहेत. सरासरी भार कमी असून आवाज तुटत असेल तर तिसरी भूमिका आधी. ड्रायव्हर, वाय-फाय, चार्जर, उष्णता तपासावी. ट्रॅक वाढत गेल्यावर तुटत असेल तर पहिली. एकच गिटार, एकच प्लगइन आणि तरीही १२८ वर तुटत असेल तर चौथी, हलके मॉडेल. हे सगळे करूनही हाताला उशीर जाणवत असेल तेव्हाच दुसरीवर पैसे खर्च करावेत. नवा लॅपटॉप सगळ्यांत शेवटी. काहीही निवडले तरी कोरडा डीआय ट्रॅक प्रत्येक वेळी जपून ठेवावा. तो जागा फार घेत नाही, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास, आणि उद्या यंत्र बदलले की त्याच वादनावर आज न झेपणारा ॲम्प लावता येतो.

प्लगइन बनवणाऱ्यांकडे एक मागणी आहे. ‘किमान आय-फाइव्ह, ८ जीबी’ या वाक्याने कुणाला काही कळत नाही. कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या बफरला, किती पट ओव्हरसॅम्पलिंगवर एका खेपेला जास्तीत जास्त किती वेळ लागतो, तो आकडा छापा. आणि आपल्या भागातल्या वादकांनी तोवर आपापसांत सेटिंग सांगताना नुसता बफर सांगू नये. लॅपटॉपचे मॉडेल, सॅम्पल रेट, इंटरफेस, ओव्हरसॅम्पलिंग आणि चार्जर लावलेला होता की नाही, हे पाचही सांगावे.